धुळीतला बा

लहानपणी आपण कशाला भ्यायलो होतो, हे मोठेपणी सांगायची माणसाला लाज वाटते. बागुलबुवा, विहिरीतली बाई, चिंचेवरचा मुंजा यांच्या गोष्टी हसत हसत सांगता येतात, कारण त्या खोट्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. पण आम्ही भावंडे ज्याला भ्यायलो तो खोटा नव्हता. तो आमचा बाप होता.

आम्ही तिघे. दोघी बहिणी आणि पाठचा भाऊ. ही हकीकत तिघांची आहे, म्हणून तिघे मिळून सांगत आहोत.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली जी कुटुंबे गाव सोडून मुंबईकडे आली, त्यांत आमचे मायबाप होते. गावाकडे दुष्काळी कामावर दोघांनी खडी फोडली होती. तेवढी एक कला हाताला लागली, आणि तिच्याच भरवशावर ती दोघे तुर्भ्याच्या खाणीवर येऊन राहिली. सिडकोची स्थापना १९७० ची. खाडीच्या अलीकडे नवे शहर उभे राहायचे होते आणि त्याला दगड हवा होता. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेचे डोंगर त्यासाठी फुटत होते. आज वाशी-नेरूळच्या इमारतींकडे पाहताना कुणाला ते डोंगर आठवत नाहीत. आम्हांला आठवतात.

दगड काळा, पण त्याची पूड पांढुरकी. हे आम्ही शाळेत जाण्याआधीच शिकलो. सह्याद्रीचा हा काळा कातळ फोडला की आत निळसर दिसतो. पण खडीच्या मशीनमध्ये भरडला की त्याची राखाडी-पांढरी धूळ उडते. ती पत्र्यावर बसे, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, परातीतल्या पिठावरही बसे. माय भाकरी थापताना तोंडाने फुंकर घालून आधी धूळ उडवी.

एरवी बा आणि त्याच्या बरोबरचे लोक खाणीवरच्या टँकरच्या पाण्याने हातपाय धुऊन वर येत. एके दिवशी टँकर आलाच नाही. दिवस मावळायला टेकला होता, सुरुंग होऊन गेले होते. आम्ही झोपडीच्या दारात बसलो होतो. थोरली आठ वर्षांची, मधली सहाची, धाकटा तीन वर्षांचा, थोरलीच्या मांडीवर. खालच्या वाटेने सहा-सात माणसे वर येत होती. डोक्यापासून पायापर्यंत सगळी एका रंगाची. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. कुणाचे वय कळत नव्हते, कुणाचा रंग कळत नव्हता. ती चालत नसती तर दगडाचीच वाटली असती. त्यांत आमचा बा होता हे आम्हांला माहीत होते. पण कोणता, ते ओळखू येईना.

त्यांतला एक आमच्या दिशेने वळला आणि धाकट्याला लाडाच्या नावाने हाक मारली. आवाज बाचा होता. तोंड बाचे नव्हते. हात पुढे करून तो हसला, तेव्हा त्या पांढऱ्या तोंडात ओठांच्या आतला लाल भाग दिसला. धाकट्याने जी किंकाळी फोडली ती आजही आम्हां दोघी बहिणींच्या कानात आहे. थोरली त्याला घेऊन आत पळाली. मधलीने पायाजवळचा खडा उचलला आणि त्या माणसाला मारला. तो छातीवर लागला आणि तिथून धुळीचा लहानसा ढग उठला.

बा पुढे आला नाही. तिथेच उभा राहिला. मग मागे वळून गेला.

त्या दिवसानंतर बा बऱ्याचदा उशिरा येऊ लागला. अंधार पडल्यावर यायचा, गुपचूप जेवायचा आणि झोपायचा. वस्तीच्या टोकाला एक गुत्ता होता. शेजारच्या घरातले पुरुष तिथूनच उशिरा यायचे. तेव्हा आमचाही बा तिथेच बसत असणार, असे आम्ही धरून चाललो. कुणी आम्हांला तसे सांगितले नव्हते, आणि नाही म्हणूनही कुणी सांगितले नाही. मोठे झाल्यावर बाशी आम्ही थोडे तोडूनच वागलो. १९९८ साली खोकून खोकून तो गेला, तेव्हाही मनात ती एक अढी होती. आज हे लिहिताना मान खाली जाते.

आता धाकट्याच्या धंद्याविषयी सांगितले पाहिजे. दहावीनंतर तो एका मूर्तिकाराच्या कारखान्यात कामाला लागला. आधी पाणी भरणे, माती मळणे, मग साचे धुणे, मग ओतकाम. आपल्या घराघरांत भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या ज्या लहान मूर्ती आणि अर्धपुतळे असतात, ते तो बनवतो. सहा डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर जे स्टॉल लागतात, तिथून वाचकांपैकी कुणी त्याच्या हातची मूर्ती नेलीही असेल.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. सळई आणि तारेचा सांगाडा करायचा, त्यावर शाडूची माती चढवून चेहरा घडवायचा. तो मनासारखा झाला की त्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे नंतर सुटा होतो. आतली माती काढून टाकायची आणि साच्यात रेझीन आणि काचतंतूचे थर द्यायचे. सुकले की साचा उघडायचा. चेहऱ्यात सर्वांत अवघड काम डोळ्यांचे. बुबुळाच्या जागी खळगा कोरतात आणि त्यात एक बारीकसा उंचवटा ठेवतात. खळग्यात सावली साठते, उंचवट्यावर उजेड पडतो, आणि मूर्ती आपल्याकडे पाहते आहे असे वाटू लागते. बुद्धमूर्तीचे डोळे अर्धमिटले असतात, म्हणून ती कुणावर नजर रोखत नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चष्मा असतो, पण त्यात काच नसते, नुसत्या काड्या. तरी त्या काड्यांमागून ते आपल्याकडे रोखून पाहतात.

अशी शेकडो तोंडे केल्यावर, २०१८ साली, धाकट्याने एक दिवस आम्हां बहिणींना सांगितले, "मला बाचं तोंड करायचंय."

आम्हांला आनंद झाला. कपाटातला फोटो काढला. बाचा एवढा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला. तेल लावून भांग पाडलेला, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. धाकट्याने तो पाहिला आणि बाजूला ठेवला. "हा नाही. त्या दिवसाचा."

तीन वर्षांच्या पोराला तो दिवस आठवत असेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. तो म्हणाला, "मला दुसरं काहीच आठवत नाही. घर आठवत नाही, तुम्ही आठवत नाही. फक्त डोळे आठवतात. पांढऱ्यात काळे, ओले."

बाबासाहेबांचा पुतळा कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी उभा राहिला, तो त्यांच्या हयातीतच. कोल्हापूरचेच शिल्पकार बाळ चव्हाण यांनी तो घडवला. ज्याचे तोंड घडवायचे तो माणूस तेव्हा जगात होता. धाकट्याजवळ तर धुळीतल्या बाचा साधा फोटोही नव्हता. मग आम्ही तिघांनी जमवाजमव केली. डोळे धाकट्याचे. ओठांची लाल कड थोरलीने सांगितली. मधली बरेच दिवस काही बोलेना. शेवटी तिने खड्याचे सांगितले. छातीवर खडा लागला तिथली धूळ झडून खालचा काळा सदरा वाटाण्याएवढा दिसला होता. हे तिने चाळीस वर्षे नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

बंद पडलेल्या त्या खाणीवर जाऊन धाकट्याने गोणीभर धूळ आणली, वस्त्रगाळ केली आणि रेझीनमध्ये कालवली. वरून रंग दिला नाही. डोळ्यांसाठी त्याच दगडाच्या दोन कपच्या घासून, पाणी मारून, पॉलिश करून बसवल्या. अर्धपुतळा तयार झाला तेव्हा कारखान्यातले लोक त्याच्याजवळून जाताना बाजूने जाऊ लागले. रात्रपाळीच्या पोराने सांगितले, "दादा, त्याच्यावर फडकं टाका."

कोपरखैरण्याच्या घरी आणला, तर मायने दारातच अडवला. बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे काय करून आणलं? माणसाला आंघोळ तरी घालायची." आणि आत निघून गेली. पुतळा पोटमाळ्यावर गेला, चादर पांघरून.

धाकट्याचा हिरमोड झाला. त्याच्या ओळखीचे एक कलाशिक्षक आहेत. त्यांनी त्याला एका पुस्तकातले चित्र दाखवले. लुईझ बुर्ज्वा नावाच्या शिल्पकार बाईंचे ते काम. जन्म पॅरिसचा, १९११ चा. मृत्यू न्यूयॉर्कला, २०१० साली. त्यांच्या घरी जुने, फाटके विणीव पडदे दुरुस्त करण्याचा धंदा होता. आई सुईदोऱ्याने पडदे सांधायची आणि ही मुलगी झिजून गेलेल्या चित्रांतले पाय काढून द्यायची. ही मुलगी वीस-एकवीस वर्षांची असताना, १९३२ साली आई गेली. पुढे ऐंशीही उलटल्यावर, १९९९ साली, या बाईंनी आईचे शिल्प केले, ते कोळिणीचे! नऊ मीटरहून उंच, लोखंडी, आठ पायांची, पोटाशी संगमरवरी अंड्यांची पिशवी. नाव दिले 'मामाँ', म्हणजे आई. २००० साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात लोक तिच्या पायांखालून फिरले. पाहणारा आधी दचकतो. मग त्याला कळते, की कोळीण सुद्धा विणते, फाटलेले सांधते आणि पिलांना जपते. भीती आणि माया एकाच अंगात असू शकतात.

शिक्षकांनी आणखी एक सांगितले. सिग्मंड फ्रॉइड या मनोवैज्ञानिकाने १९१९ साली अशा भीतीवर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की अगदी परक्या वस्तूने अंगावर असा काटा येत नाही. जे कधीकाळी आपल्या घरातले, ओळखीचे होते आणि मनाने दडपून टाकले होते, तेच वेगळ्या रूपात समोर आले की तो काटा येतो. जर्मन भाषेत त्या भावनेला जो शब्द आहे, त्यात 'घर' हाच शब्द दडलेला आहे. आम्हांला ते लगेच पटले. रस्त्यावरच्या पांढऱ्या माणसाला आम्ही भ्यायलो नव्हतो. त्याच्या तोंडून बाचा आवाज आला, म्हणून भ्यायलो होतो.

पण मायला हे कोण सांगणार? आणि तिला सांगायला आम्ही कोण?

पुढच्या हिवाळ्यात आम्ही सगळे मायला घेऊन गावाकडे गेलो आणि परतताना अजिंठ्याला उतरलो. लेणे क्रमांक २६ पाचव्या शतकातले. भिक्खू बुद्धभद्र यांनी ते कोरवून घेतले असा तिथे शिलालेख आहे. डाव्या भिंतीवर तथागतांचे महापरिनिर्वाण आहे, सुमारे ७ मीटर लांब. माय तिथे हात जोडून बराच वेळ उभी राहिली. त्याच भिंतीवर पुढे माराच्या हल्ल्याचे शिल्प आहे. मध्ये बुद्ध बसलेले, उजवा हात जमिनीला टेकलेला. भोवती माराची सेना. कुणाचे तोंड जनावराचे, कुणाचे डोळे बाहेर आलेले, कुणी दात विचकतो आहे. माय त्या तोंडांकडे पाहू लागली. एकेकापुढे थांबली. मग म्हणाली, "ज्यानं ही तोंडं घडविली, त्याला भ्या वाटलं नसंल का रं?"

धाकटा म्हणाला, "वाटलं असंल, माय. म्हणूनच जमली."

ती काही बोलली नाही. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली, पाणी प्याली आणि खाली नदीकडे पाहत सांगू लागली. तिचेच शब्द देतो.

"तो गुत्त्यावर न्हवता जात. तुम्हाला तसं वाटायचं, ते मला ठावं होतं. तुम्ही भ्यालात त्या दिसापासनं, टँकर नसंल तवा तो आडाच्या पल्याड बसून राहायचा, अंधार पडस्तोवर. मी प्यायच्या पाण्यातला तांब्या घिऊन जायची. तोंड धुवायचा, डोळं धुवायचा, मग यायचा. मी म्हणलं, सांगते लेकरांना. तर म्हणला, नगं सांगूस. सांगितलंस तर त्यांना पुन्हा तेच तोंड दिसंल."

तो तांब्या आम्हां दोघी बहिणींना आठवत होता. संध्याकाळी माय तांब्या घेऊन आडाकडे जायची आणि मागे आलो तर ओरडायची. ती परसाकडे जाते असे समजून आम्ही मागे फिरायचो. एवढा मोठा खुलासा, आणि तो आमच्या डोळ्यांसमोरून रोज जात होता.

मधली तिथेच पायरीवर बसून रडली. मायने तिच्या पाठीवर हात ठेवला. "खड्याचं म्हणतीस व्हय? मला सांगितलं त्यानं. हसत होता. म्हणला, पोरगी धीराची हाय, भावाला राखती."

घरी आल्यावर मायने स्वतः चादर काढायला लावली. ओल्या फडक्याने पुतळ्याचे तोंड पुसून पाहिले. धूळ निघाली नाही. ती आतपर्यंत कालवलेली आहे. तिने फक्त डोळे पुसले. ते चकाकले. मग जागेचा प्रश्न आला. थोरलीचे म्हणणे, बुद्ध-बाबासाहेबांच्या शेजारी ठेवावा. माय म्हणाली, "तिथं न्हाई. त्याला हार नगं, मेणबत्ती नगं. त्यो काही देव न्हाई, तो आपला माणूस हाय. दारापाशी ठिवा. इतकी वरसं भाईर थांबला, आता दारात बसू द्या."

एक गोष्ट राहिली होती. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात एका यक्षाची दगडी मूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, डोक्यावर भांडे धरलेला, आणि तोंडभर हसणारा. भ्यावे की हसावे कळत नाही. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने आपले नाव आणि काम असे लिहून ठेवले. शेकडो मूर्ती करूनही धाकट्याने कशावर कधी आपले नाव घातले नव्हते. बाच्या पाठीमागे त्याने दोन ओळी कोरल्या. पहिलीत बाचे नाव आणि 'दगड फोडणारा'. दुसरीत आम्हां तिघांची नावे. मधली म्हणाली, आमची कशाला? तो म्हणाला, नुसत्या माझ्या आठवणीतून तर फक्त डोळे झाले असते.

वाचकहो, ही हकीकत छापायला देण्याचे कारण सांगून थांबतो. आपल्यापैकी अनेकांचे आईबाप असेच काम करून घरी आले आहेत. कुणी कोळशाने काळे, कुणी सिमेंटने करडे, कुणी गटाराच्या वासाचे, कुणी रंगाच्या कारखान्यातून लाल-पिवळे. आपण लहानपणी त्यांना भ्यायलो, नाक मुरडले, दूर पळालो. त्यात पोरांचा दोष नसतो. पण मोठे झाल्यावर एकदा विचारून घ्यावे. ज्यांचे मायबाप हयात आहेत त्यांनी याच आठवड्यात विचारावे: तुम्ही घरी येण्याआधी कुठे थांबायचा, तोंड कुठे धुवायचा, आम्ही काय केले होते? आणि घरातल्या पोरांना मूठभर शाडू आणून द्यावी. त्यांना ज्याची भीती वाटते त्याचे तोंड करू द्यावे. वाकडे झाले तरी चालेल. जे हातात धरता येते, त्याच्याकडे उजेडात नीट पाहता येते.

धाकट्याची पोर पाच वर्षांची आहे. शाळेतून आली की ती दारातल्या आजोबाच्या खांद्यावर आपली पाण्याची बाटली टांगते. तिला विचारले, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "आजोबा कामावरून आलाय. अजून तोंड धुतलं नाही."